कॅचरचा 'डिफेन्स' मराठीत कसा लिहावा?

प्रश्न असा आहे: 'अमेरिकेतल्या बेसबॉलवर मराठीत लिहिताना कॅचरला, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू घेणाऱ्या खेळाडूला, यष्टिरक्षक म्हणावे का? सेंट लुईस कार्डिनल्स संघाचा तेव्हाचा कॅचर विल्सन कॉन्ट्रेरास या कामाला योग्य आहे की नाही यावरून २०२३ मध्ये तिथल्या चाहत्यांत जो वाद झाला, त्यावर लिहिताना "कॉन्ट्रेरास संघर्ष करतो आहे, त्याचा बचाव कमकुवत आहे, पण त्याचे मूल्य मोठे आहे" असे वाक्य जमले. ते बरोबर आहे का?'

व्याकरण ठीक आहे, पण संघर्ष, बचाव आणि मूल्य हे तिन्ही शब्द चुकीच्या जागी पडले आहेत. वाद कशावरून होता तेच त्यांच्यामुळे कळत नाही.

आधी यष्टिरक्षक. बेसबॉलमध्ये यष्ट्याच नाहीत. कॅचर ज्या होम प्लेटमागे बसतो ती जमिनीशी सपाट बसवलेली, पाच कोनांची, १७ इंच रुंद पांढरी रबरी पाटी असते. ती उडत नाही, पडत नाही. म्हणून 'प्लेटरक्षक' असा शब्द घडवावा म्हटले, तर तोही नियमाशी जुळत नाही. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या बस्टर पोझीचा पाय प्लेटजवळच्या धडकेत मोडला. पुढे २०१४ पासून, चेंडू हातात नसताना, धाव पूर्ण करायला प्लेटकडे येणाऱ्या धावपटूची वाट अडवायला कॅचरला मनाई झाली. ज्या गोष्टीपुढे चेंडूशिवाय आडवे पडायचीच बंदी आहे तिचा त्याला रक्षक कसे म्हणणार? अमरावती, जळगाव, नागपूरकडे सॉफ्टबॉल खेळणारी मुले-मुली मैदानावर 'कॅचर', 'पिचर', 'होमरन' असेच म्हणतात. शब्द रुळलेले आहेत, तेच घ्यावेत.

याचा अर्थ क्रिकेटची मराठी बाजूला ठेवावी असा मुळीच नाही. बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांनी रेडिओवरून जी भाषा घरोघर पोचवली, तिच्यातले धाव, पंच, बाद, फलंदाज, मोसम, फेक हे शब्द बेसबॉलला चपखल बसतात. 'झेल' मात्र जपून वापरावा. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, फलंदाजाने न मारलेला प्रत्येक चेंडू कॅचर हातात घेतो, पण त्याला झेल म्हटले की मराठी वाचक फलंदाज बाद झाला असे समजतो. बॅटला लागून वर उडालेला चेंडू कॅचरने टिपला तर तो झेल. एरवी त्याने चेंडू 'घेतला' किंवा 'पकडला'. स्ट्राइक म्हणजे ढोबळमानाने फलंदाजाने हुकवलेला किंवा मारण्याजोगा असून सोडलेला चेंडू; असे तीन झाले की तो बाद, म्हणजे स्ट्राइकआउट. तिसऱ्या स्ट्राइकच्या वेळी तर या पकडण्यावरच सगळे ठरते. चेंडू नीट हातात बसला नाही आणि पहिला बेस (धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा) रिकामा असला किंवा दोघे आधीच बाद असले, तर स्ट्राइकआउट झालेला फलंदाजही पहिल्या बेसकडे पळू शकतो.

आता 'डिफेन्स'. मराठीत बचाव म्हटले की फलंदाजाची बचावात्मक बॅट आठवते, नाहीतर फुटबॉलची बचावफळी. 'क्षेत्ररक्षण' हा शब्द सगळ्या संघाच्या बाबतीत ठीक आहे, पण एकट्या कॅचरसाठी तो फसवतो, कारण त्याबरोबर क्षेत्ररक्षणाची टक्केवारी येते. स्ट्राइकआउटने बाद झालेला गडी धावफलकात कॅचरच्या नावावर जातो. त्यामुळे बहुतेक कॅचरची टक्केवारी ९९ च्या आसपास असते, आणि त्या आकड्यावरून कोण चांगला, कोण वाईट हे कळत नाही. क्रिकेटमध्ये आपण 'यष्टीमागची कामगिरी' म्हणतो, त्याच वळणाने 'प्लेटमागची कामगिरी' म्हणावे. ऐकताच कळते आणि खोटा अर्थ चिकटत नाही.

पण तेवढ्याने भागत नाही. कॅचरवरचे बहुतेक वाद अडतात ते चार वेगळी कामे एकाच शब्दात कोंबल्यामुळे. कान्सस सिटी रॉयल्सचा कॅचर साल्वादोर पेरेझ पाहा. उत्तम क्षेत्ररक्षणाची पाच गोल्ड ग्लव्ह पारितोषिके जिंकलेला, फेक जबरदस्त. तरी फ्रेमिंगच्या, म्हणजे कडेच्या चेंडूवर स्ट्राइक मिळवण्याच्या कौशल्याच्या, तक्त्यात तो अनेक मोसम तळाला. एक चाहता म्हणतो डिफेन्स उत्तम, दुसरा म्हणतो भिकार, आणि दोघेही बरोबर असतात, कारण दोघे वेगवेगळ्या कामांबद्दल बोलत असतात. मराठीत लिहिणाऱ्याने कामाचे नाव घेतले तर हा घोळ पहिल्या वाक्यातच टळतो.

पहिले काम फ्रेमिंगचे. त्याला मराठी प्रतिशब्द शोधताना बरेच जण 'पंचाला फसवणे' लिहितात. तो अन्याय आहे. पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतो आणि फलंदाजाने बॅट फिरवली नाही, तर स्ट्राइक की बॉल (मारण्याजोगा नसलेला चेंडू) हे पंच ठरवतो. स्ट्राइक झोनच्या, म्हणजे प्लेटवरच्या हवेतल्या काल्पनिक चौकटीच्या, कडेवर पडणाऱ्या चेंडूंचा निकाल दोन्हीकडे जाऊ शकतो. चांगला कॅचर आपला मिट, म्हणजे जाड गादीचा ग्लव्ह, चेंडू यायच्या आधी खाली नेतो आणि खालून वर, बाहेरून आत येता येता चेंडू घेतो. चेंडू हातात बसतो तेव्हा मिट झोनकडे येत असतो. एक गुडघा जमिनीला टेकवून बसायची पद्धत अलीकडे सार्वत्रिक झाली तीही यासाठीच, कारण खालच्या कडेचा चेंडू तसा नीट घेता येतो. जमत नाही त्याचे काय चुकते? मिट चेंडूच्या वाटेवर उशिरा येतो, मग हात चेंडूबरोबर बाहेर किंवा खाली वाहत जातो आणि खरा स्ट्राइकसुद्धा पंचाला बॉल दिसतो. म्हणजे वाईट फ्रेमिंगचा मुख्य तोटा हक्काचे स्ट्राइक गमावण्यात आहे. मराठीत 'कडेचे स्ट्राइक मिळवतो' आणि 'हातचे स्ट्राइक घालवतो' ही दोन वाक्ये पुरतात. 'फ्रेमिंग' हा शब्द एकदा समजावून सांगितला की पुढे तसाच वापरायला हरकत नाही.

याचा हिशेबही सोपा आहे. अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगच्या, म्हणजे मेजर लीगच्या, प्रत्येक चेंडू मोजणाऱ्या स्टॅटकास्ट यंत्रणेत वाचवलेला एक स्ट्राइक म्हणजे ०.१२५ धाव, म्हणजे आठ स्ट्राइकची एक धाव. ढोबळमानाने दहा धावांना एक विजय धरतात. १२० सामने खेळणारा कॅचर मोसमात १७ हजारांच्या आसपास चेंडू घ्यायला बसतो आणि त्यातल्या जवळपास निम्म्या चेंडूंवर बॅट फिरतच नाही. एवढ्या ढिगातले ८० स्ट्राइक इकडचे तिकडे झाले की एका विजयाचा फरक पडतो. टीव्हीवर हे दिसत नाही, म्हणून पुष्कळांना पटतही नाही.

दुसरे काम चेंडू अडवण्याचे. इथे दोन संज्ञा आहेत आणि त्यांत गल्लत नेहमी होते: पास्ड बॉल आणि वाइल्ड पिच. साध्या प्रयत्नाने हातात यायला हवा होता तो चेंडू कॅचरकडून सुटला आणि बेसवरचा धावपटू पुढे गेला, तर पास्ड बॉल, दोष कॅचरचा. चेंडूच इतका उंच, बाहेर किंवा खाली की साध्या प्रयत्नाने थांबणार नाही, तर वाइल्ड पिच, दोष पिचरचा. कॅचरपर्यंत पोचण्याआधी जमिनीला टेकलेला चेंडू सुटून धावपटू पुढे गेला तर ती नेहमी वाइल्ड पिचच. यांना मराठीत 'सुटलेला चेंडू' आणि 'स्वैर चेंडू' म्हणावे. बाय आणि वाइड यांच्यातला फरक ज्याला ठाऊक आहे त्याला हे लगेच उमगते: बायच्या धावा गोलंदाजाच्या नावावर लागत नाहीत, वाइडच्या लागतात. इथेही सुटलेल्या चेंडूमुळे आलेली धाव पिचरच्या सरासरीत धरत नाहीत, स्वैर चेंडूमुळे आलेली धरतात. दोन्हींपैकी कशाचीही नोंद 'एरर' म्हणून होत नाही, म्हणून त्यांना 'चूक' हा शब्द लावू नये, तो एररसाठी राखून ठेवावा. आणखी एक बारकावा असा की बेसवर कुणी नसताना चेंडू मागे गेला तर सहसा काहीच नोंद होत नाही. त्यामुळे नुसते सुटलेले चेंडू मोजून कॅचरची परीक्षा होत नाही. जमिनीला टेकलेले किती चेंडू त्याने छातीवर, मांडीवर घेऊन पुढ्यात पाडले, हे बघावे लागते. त्यासाठी ग्लव्हने झडप घालायची नसते. दोन्ही गुडघे टेकून, हनुवटी छातीला लावून, खांदे पुढे वाकवून अंगाची भिंत करायची असते.

तिसरे काम फेक: पिचर चेंडू टाकत असतानाच पुढचा बेस गाठायला पळणाऱ्या, म्हणजे बेस चोरणाऱ्या धावपटूला बाद करण्यासाठीची. 'पॉप टाइम' हा शब्द तसाच ठेवावा. चेंडू मिटमध्ये आदळल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूकडे पोचेपर्यंतचा हा वेळ सरासरी दोन सेकंद असतो. अंतर १२७ फुटांहून थोडे जास्त. पण त्याआधी पिचरच्या हालचालीला सुमारे १.३ सेकंद लागतात. दोन्ही मिळून ३.३. पिचरने १.६ घेतले तर उत्तम कॅचरही हतबल होतो. शिवाय २०२३ पासून बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले, धावपटूला रोखण्यासाठी पिचरने मध्येच थांबून बेसकडे चेंडू फेकण्यावर मर्यादा आली, आणि लीगमधले चोरलेले बेस २,४८६ वरून ३,५०३ वर गेले. 'कॅचर बेस चोरू देतो' असे लिहिण्याआधी हे ध्यानात असावे.

चौथे काम पिचरला सांभाळून सामना चालवण्याचे: कुठला चेंडू मागायचा, कुठे मागायचा, पिचर विस्कळीत झाला की कधी जाऊन बोलायचे. हे आकड्यांत धरणे सर्वांत अवघड, आणि कॉन्ट्रेरासचा वाद नेमका इथे पेटला. यादिएर मोलिना २००४ ते २०२२ असा १९ मोसम कार्डिनल्सचा कॅचर होता, नऊ गोल्ड ग्लव्हचा मानकरी. त्याच्या जागी कॉन्ट्रेरास आला आणि मे २०२३ च्या पहिल्या आठवड्यातच संघाने त्याला काही दिवस प्लेटमागून उठवून डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे क्षेत्ररक्षण न करता फक्त फलंदाजी करणारा, केले. आठ-दहा दिवसांत तो परत बसला. संघ ७१ विजय, ९१ पराभवांवर गटात शेवटचा आला, कॉन्ट्रेरासने मात्र २० होमरन मारले. आता सांगा, अशा खेळाडूला 'संघर्ष करणारा' म्हणून वाचकाला काय कळले? मराठीत फलंदाज चाचपडतो, गोलंदाजाची लय बिघडते, एखाद्याचा सूर हरपतो. कॉन्ट्रेरासची बॅट चाचपडत नव्हती, त्याचे प्लेटमागे जमत नव्हते. 'संघर्ष' हा शब्द मोर्चा, उपोषण, आयुष्याची लढाई यांच्यासाठी ठेवावा.

'मूल्य' हा शब्दही असाच. वाचकाच्या मनात आधी नैतिक मूल्ये येतात, नाहीतर छापील किंमत. 'किंमत' आणि 'मोल' असे दोन शब्द आपल्याकडे आहेत आणि इथे दोन्ही लागतात. पाच वर्षांचे ८ कोटी ७५ लाख डॉलर ही कॉन्ट्रेरासची किंमत. त्याच्यामुळे संघाला जे विजय मिळतात ते त्याचे मोल. ते मोजायचे प्रसिद्ध माप आहे 'वॉर': सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा याने किती विजय जास्त मिळवून दिले. देवनागरीत हा शब्द युद्धासारखा दिसतो, म्हणून पहिल्यांदा येताना अर्थ सांगावाच. आणि हिशेब कुणाचा तेही सांगावे. आकडेवारीच्या संकेतस्थळांपैकी फॅनग्राफ्स २०१९ पासून फ्रेमिंग धरते, बेसबॉल रेफरन्स धरत नाही. एकाच कॅचरचे दोन आकडे म्हणूनच वेगळे दिसतात आणि चाहते एकमेकांना खोटे ठरवत बसतात.

मोल जागेवरही अवलंबून असते, आणि या वादातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मला हाच वाटतो. फॅनग्राफ्सच्या हिशेबात पूर्ण १६२ सामने कॅचर असण्याबद्दल १२.५ धावा जमा होतात, पहिल्या बेसवर असण्याबद्दल १२.५ वजा. बॅट तीच, माणूस तोच, पण प्लेटमागून पहिल्या बेसवर हलवला की २५ धावांचा, म्हणजे अडीच विजयांचा फरक. म्हणून 'बॅट चांगली आहे, करा त्याला पहिल्या बेसवर' हे वाटते तितके फुकट नसते. दुसरी बाजूही आहे. चेंडू लवकर हातात यावा म्हणून कॅचर फलंदाजाच्या जवळ सरकतात, त्याची जोखीम मोठी: मे २०२४ मध्ये जे. डी. मार्टिनेझच्या बॅटचा फटका बसून कॉन्ट्रेरासचा डावा हात मोडला. २०२५ मध्ये संघाने त्याला पहिल्या बेसवर नेले.

तर मूळ वाक्य असे लिहावे: 'कॉन्ट्रेरासची बॅट चालते आहे, पण प्लेटमागे त्याचे जमत नाही, पिचर आणि तो यांचा मेळ बसलेला नाही. तरीही कॅचर म्हणून त्याचे मोल मोठे आहे, कारण अशी बॅट असलेले कॅचर फार थोडे.' आक्षेप फ्रेमिंगवर असेल तर मधले वाक्य बदलावे: 'कडेचे स्ट्राइक तो हातचे घालवतो.'

२०२६ च्या मोसमापासून आणखी एक क्रियापद लागेल. पंचाच्या स्ट्राइक-बॉलच्या निर्णयावर यंत्राकडे जायची मुभा प्रत्येक संघाला दोनदा मिळते, निर्णय आपल्या बाजूने लागला तर संधी शाबूत राहते. ती घेता येते फक्त पिचर, कॅचर आणि फलंदाज यांना, डोक्यावर हात थोपटून आणि तत्काळ. इंग्रजीतला 'चॅलेंज' पाहून 'आव्हान दिले' लिहायचा मोह होईल, पण पंचाशी कुणी झुंज घेत नाही. क्रिकेटच्या बातम्यांत रुळलेले 'दाद मागितली' इथे नेमके बसते: 'नवव्या इनिंगमध्ये कॅचरने दाद मागितली आणि बॉलचा स्ट्राइक झाला.'