कोजागिरीची खीर आणि निळा पंप

नवरात्र जवळ आलं की माझ्याकडच्या पत्रांत दमा वाढतो. पाऊस ओसरत असतो, भिंतींना ओल असते, गाद्या उन्हाला लागलेल्या नसतात आणि कोजागिरी तोंडावर आलेली असते. कराडात 31 वर्षं दवाखाना चालवते आहे. सहाव्या वर्षापासून स्वतः दमेकरी आहे. त्यामुळे खालच्या उत्तरांत डॉक्टर कुठे बोलते आणि पेशंट कुठे, हे तुम्हीच ओळखा.

प्रश्न : डॉक्टरताई, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. दर पावसाळ्यात त्याला धाप लागते, रात्री खोकून खोकून उठून बसतो. बालरोगतज्ज्ञांनी तपकिरी पंप रोज दोन वेळा दिला आहे. सासूबाई म्हणतात, पंपाची सवय लागते, शिवाय त्यात स्टेरॉइड असतं, पोर खुंटेल. कोजागिरीला एका ठिकाणी खिरीतून औषध देतात, तिथे न्यायचं ठरतंय. पण औषध लागू पडायला महिनाभर आधीपासून पंप बंद ठेवा, असं तिथले लोक सांगतात. काय करू?
— एक आई, बार्शी

उत्तर : मीही ती खीर खाल्ली आहे. नऊ वर्षांची होते. बाबा मला एस.टी.नं घेऊन गेले. मैदानात शेकडो माणसं पत्रावळी पुढ्यात घेऊन बसली होती, निम्मी खोकत होती. खीर चांदण्यात ठेवलेली, वरून चिमूटभर चूर्ण. कुणी म्हणे पिंपळाच्या सालीचं, कुणी काही. रात्रभर झोपायचं नाही, पहाटे खायची आणि चालायचं. घरी येताना कागदावर छापलेलं पथ्य दिलं: आंबट नको, तेलकट नको, घरात धूर नको.

त्यानंतर तेरा दिवस मी ठणठणीत होते. आईनं नवस फेडायची तयारी केली. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झालं, अंगणात फटाके लागले आणि आठ वाजता मी दवाखान्यातल्या बाकावर होते. शिरेतून अमायनोफायलीन चालू, आणि बाबांचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा.

ते तेरा दिवस बरे का गेले, हे मला डॉक्टर झाल्यावर कळलं. एक तर दमा आपणहून चढतो-उतरतो. माणूस उपाय शोधायला निघतो तो सगळ्यात वाईट दिवसांत, त्यामुळे पुढचा उतार हमखास उपायाच्या नावावर जमा होतो. दुसरं कारण आमच्या घरातलं. कागदावर ‘घरात धूर नको’ असं होतं, म्हणून बाबांनी तेवढे दिवस विडी बाहेर ओढली आणि आजीनं संध्याकाळचा ऊद बंद केला. दिवाळीला पाहुणे आले, तेव्हा दोन्ही परत सुरू झालं. खिरीतलं चूर्ण काय करत होतं कोण जाणे, पण तो पथ्याचा कागद खरा औषधी होता.

आता पंपाचं. दमा म्हणजे श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला कायमची सूज. ती सूज असली की धूळ, गारठा, सर्दी, कशानंही नळीभोवतीचे स्नायू आवळतात. तपकिरी पंप ही सूज उतरवतो, म्हणून तो मूल बरं असतानाही रोज घ्यायचा. सासूबाईंना विचारा, दात रोज घासतो त्याला आपण सवय लागली म्हणतो का? स्टेरॉइड आहे, हे खरं. पण एका फवाऱ्यात ते 100-200 मायक्रोग्रॅम असतं. मोठ्या माणसाला झटका आला की आम्ही ज्या गोळ्या देतो त्यांत दिवसाला 40 मिलिग्रॅम, म्हणजे 40,000 मायक्रोग्रॅम जातं. औषध वेगळं आहे, हिशेब सरळसोट नाही, पण अंदाज यायला पुरे. पंप बंद करून दर पावसाळ्यात चार दिवस गोळ्या घेणारं पोर जास्त स्टेरॉइड खातं.

उंचीबद्दल लपवत नाही. वर्षानुवर्षं पंप घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची साधारण सेंटीमीटरभर कमी भरते. पण रात्री झोप नसलेलं, खेळायला न जाणारं, सारखं आजारी मूलही वाढीत मागे पडू शकतं.

मग कोजागिरीला जावं का? पंप बंद करायची अट असेल तर अजिबात नाही. हे एकच मी हट्टानं सांगते. अट नसेल आणि घरच्यांची श्रद्धा असेल, तर खिरीसाठी मी घरात भांडण लावणार नाही. मात्र त्या चूर्णात काय आहे ते विचारा. उत्तर ‘गुप्त आहे’ असं आलं, तर नुसती खीर खाऊ द्या. रात्रभर दवात बसायचं असेल तर कानटोपी, स्वेटर आणि पिशवीत निळा पंप (धाप लागली की लगेच आराम देणारा) व स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लॅस्टिकची नळी) हवाच. स्पेसरशिवाय आठ वर्षांच्या मुलाचं बरंचसं औषध जिभेवर आणि घशातच राहतं. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवा, फडक्यानं पुसू नका. पुसल्यानं प्लॅस्टिकवर वीज साठते आणि औषध आतच चिकटतं. तपकिरी पंपानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

आणि एक फुंकायची नळी घ्या, पीक फ्लो मीटर. सकाळी उभं राहून तीनदा जोरात फुंकायचं, सगळ्यात मोठा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचा. बऱ्या दिवसांतला त्याचा सर्वांत चांगला आकडा समजा 200 असेल, तर 160च्या खाली गेला की डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवायचं, 100च्या खाली गेला की निळा पंप देत थेट दवाखाना. कोजागिरीच्या आधीचे आणि नंतरचे चौकोन सासूबाईंनाच वाचू द्या.

प्रश्न : वय 64, निवृत्त शिक्षक. गेली दोन वर्षं रोज अनुलोम-विलोम, कपालभाती आणि घरच्या अडुळशाचा काढा घेतो. खूप फरक आहे. रोजचा पंप वर्षापूर्वी स्वतःच सोडला. निळा पंप मात्र लागेल तसा, दिवसातून पाच-सहा वेळा घ्यावा लागतो. निसर्गोपचारावर मी पूर्ण बरा होईन का?
— एक गुरुजी, सांगली

उत्तर : गुरुजी, तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य वाचून मी खुर्चीतून उठले. फरक आहे म्हणता आणि दिवसाला पाच-सहा वेळा निळा पंप? आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा तो लागला, तरी दमा ताब्यात नाही असं आम्ही धरतो. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू चार-पाच तास सैल करतं, बस. सुजेला हातही लावत नाही. खाली आग तशीच ठेवून वर झाकण किलकिलं करण्यातला प्रकार आहे. 200 फवाऱ्यांचे डबे वर्षाला तीन किंवा जास्त संपले, तर गंभीर झटक्याचा धोका वाढतो. तुमचा एक डबा महिना-सव्वा महिन्यात संपत असणार. नुसत्या निळ्या पंपावर दमेकऱ्याला ठेवू नये, असं जागतिक मार्गदर्शक सूचनांनी 2019 पासून स्पष्टच म्हटलं आहे. या आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

प्राणायाम सोडू नका. श्वसनाच्या व्यायामांनी दमेकऱ्याला बरं वाटतं, घाबरगुंडी कमी होते, दिवस चांगला जातो, एवढा पुरावा आहे. फुप्फुसाची मोजमापं त्यानं फारशी बदलत नाहीत. म्हणून तर तुम्हाला ‘खूप फरक’ जाणवतो आणि पंपही लागतो. दोन्ही खरं आहे. छाती भरलेली असताना कपालभाती, भस्त्रिका करू नका. त्या वेळी पुढे झुकून बसा आणि ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडा.

अडुळशाबद्दल मला माया आहे. आजी पानं वाफवून रस काढायची, मधातून द्यायची. तोंड कडूजार व्हायचं. त्यातल्या व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत ते असतं. म्हणजे आजीचा रस कफासाठी होता आणि कफासाठी तो ठीक आहे. नळीची सूज उतरवणं त्याचं काम नाही.

जुन्यांनी हा आजार पाहिला मात्र बारकाईनं होता. चरकसंहितेतलं तमक श्वासाचं वर्णन वाचा: आडवं झालं की जीव घुसमटतो, बसलं की बरं वाटतं, गरम हवंसं होतं, ढग, पाऊस, गारठा आणि पुरवाईनं वाढतो. माझ्या ओपीडीतल्या केसपेपरवर याहून चांगलं लिहिलेलं नसतं.

एक प्रश्न मीच विचारते. काचबिंदूसाठी डोळ्यात थेंब घालता का? रक्तदाबाची किंवा धडधडीची गोळी चालू आहे का? टिमोलॉलचे थेंब आणि प्रोप्रानोलॉलसारख्या गोळ्या दमा भडकवतात. डोळ्यातला थेंब छातीपर्यंत जातो यावर कुणाचा विश्वास बसत नाही, पण जातो. स्वतःहून बंद करू नका, बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : पत्नीला दहा वर्षांचा दमा. एका वैद्याच्या पांढऱ्या पुडीनं दोनच दिवसांत चमत्कार झाला. पंप सुटला. आठ महिने पुडी चालू आहे. आता चेहरा गोल झालाय, वजन वाढलं, हाताला जरा लागलं की काळंनिळं होतं. पुडी गरम पडली का?
— एक शेतकरी, निफाड तालुका

उत्तर : पुडी गरम नाही पडली दादा. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं पोटातून जाणाऱ्या स्टेरॉइडची आहेत, आणि दोन दिवसांत उतारही तेच देतं. पुडीत तेच कुटून घातलं असावं असा माझा दाट संशय आहे. सगळे वैद्य असं करत नाहीत, माझे दोन चांगले मित्र वैद्य आहेत आणि ते नाव, घटक, तारीख लिहून औषध देतात. बिननावाच्या पुडीला ते माझ्याहून जास्त शिव्या घालतात.

आता नीट ऐका. पुडी आज अचानक थांबवू नका. आठ महिन्यांत शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं झोपी गेलेलं असू शकतं. एकदम तोडलं तर उलट्या, गळाठा, रक्तदाब पडणं, जिवावर बेतू शकतं. उरलेल्या पुड्या घेऊन एम.डी. डॉक्टरांकडे जा, साखर आणि रक्तदाब तपासा. ते मोजून गोळी देतील, हळूहळू उतरवतील आणि पंप परत सुरू करतील. तोवर ताप, जुलाब किंवा उलट्या झाल्या तर त्याच दिवशी दवाखाना.

तुम्ही पुडीला पैसे मोजलेत म्हणून वाईट वाटून घेऊ नका. दहा वर्षं बायकोची धाप ऐकणारा माणूस दोन दिवसांत झोप मिळाल्यावर घटक विचारत बसत नाही.

प्रश्न : मी पुण्यात होस्टेलवर राहते. दमा आहे. केळं, दही, भात बंद करायला सांगतात, मग मेसमध्ये खाऊ काय? वाफ घेतली तर चालेल का? पाळी आली की दोन दिवस धाप वाढते, हे मनाचे खेळ आहेत का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : केळं खा, दही खा, भात तर खाच. खाल्ल्यावर दर वेळी ठरावीक त्रास होत असेल, तर तेवढाच पदार्थ टाळ. यादी करून उपाशी राहू नकोस. लोणची-सरबतं टिकावीत म्हणून घातलेल्या सल्फाइटनं काहींना खरंच धाप लागते, ते बघ. साध्या पाण्याची वाफ नाक चोंदलं असेल तर घे. कापराचा, निलगिरीचा उग्र वास काहींची छाती आवळतो. दम लागलेला असताना मात्र वाफेत वेळ घालवायचा नाही, पंप घ्यायचा.

पाळीचे मनाचे खेळ नाहीत. त्या दिवसांत काहींचा दमा खरंच वाढतो. पण आधी सांग, पोटदुखीला कुठली गोळी घेतेस? मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या जातीच्या गोळ्यांनी काही दमेकऱ्यांना तासा-दोन तासांत झटका येतो. नाकात मांसाचे कोंब (पॉलिप) असलेल्यांना जास्त. डॉक्टरांशी बोलेपर्यंत पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी.

खोलीतल्या मैत्रिणीची अगरबत्ती आणि डास पळवायची कॉइल बंद करून घे, गोड बोलून नाहीतर भांडून. मच्छरदाणी लाव. आणि तिला तुझा निळा पंप कुठे आहे ते दाखवून ठेव: एक फवारा, स्पेसरमधून चार-पाच श्वास, असे चार फवारे, पाच मिनिटं थांबून पुन्हा चार. तरी वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळे पडले, पेंग येऊ लागली, तर वॉर्डनची परवानगी नंतर. 108 लावायचा आणि गाडी येईपर्यंत फवारे चालू ठेवायचे.