धातूची काच आणि वेर्ण्याची नोकरी

प्रश्न : मुलगी मडगावच्या कॉलेजात बी. एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. धातूच्या काचेतले अणू कसे थरथरतात यावर संशोधन करायचे म्हणते. वेर्ण्याच्या औषध कंपनीत लागली तर घरून येऊन-जाऊन होईल, असे आम्हाला वाटते. या अणूंवर पोट भरते का?
— एक आई, फोंडा

उत्तर : ताई, भरते, पण उशिरा. एम. एस्सी.ची दोन वर्षे, पुढे पीएच.डी.ची पाच-सहा. नेट-जेआरएफ, म्हणजे परीक्षा देऊन मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये सुरू होतात, नंतर ४२,०००. पीएच.डी. झाल्याबरोबर कायमची नोकरी क्वचितच मिळते. मधली काही वर्षे बाहेरगावी, बऱ्याचदा परदेशात काढावी लागतात. एवढे तिला वाचून दाखवाच.

विषय मात्र पोरकट नाही. १९६० साली कॅलिफोर्नियात पोल ड्युवेझ यांच्या गटाने सोने आणि सिलिकॉनचा वितळलेला रस सेकंदाला दहा लाख अंशांच्या घरातल्या वेगाने थंड केला. अणूंना रांगा लावायला सवडच मिळाली नाही. दिसायला धातू, आतून काच! शिगम्यात ढोलताशांचा रोमटामेळ रांगेने चालतो तेव्हा ठेका मागून पुढे जसाच्या तसा पोचतो. स्फटिकात कंपने अशीच लाटेने जातात. काचेत रांगच नाही. तिथे एक टेराहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपनांच्या, आसपास डिबाय या शास्त्रज्ञाने घन पदार्थांसाठी मांडलेल्या हिशेबात न बसणारी जास्तीची कंपने सापडतात. त्यांना बोसॉन पीक म्हणतात, आणि ती नेमकी कशामुळे, यावर जाणकारांचे अजून एकमत नाही. तुमच्या मुलीला भुरळ पडली ती बहुधा इथेच. लोखंड, बोरॉन, सिलिकॉनच्या अशाच पातळ फिती ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात वापरतात, कारण त्यात वीज कमी वाया जाते.

आता वेर्ण्याचे. काही औषधे स्फटिकरूपात पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून ती विस्कळीत, काचेसारख्या रूपात बनवतात. साठवणीत ती पुन्हा स्फटिक होऊ लागली तर औषधाचा गुण उतरतो. ते तपासायला एक्स-रे डिफ्रॅक्शन (क्ष-किरणांनी अणूंची रचना पाहणे) आणि डीएससी (तापवताना पदार्थ किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणे) लागते, आणि धातूच्या काचेच्या प्रयोगशाळेतही हीच यंत्रे असतात. म्हणजे तुमची वाट आणि तिची वाट तुम्हाला वाटते तितक्या लांब नाहीत.

म्हणून पीएच.डी.चा विषय आज ठरवू नका. तिला जॅम, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या एम. एस्सी.ची प्रवेश परीक्षा, देऊ दे. ताळगाव पठारावरचे गोवा विद्यापीठही हाताशी असू दे. घरची चिंता असेल तर एम. एस्सी.साठी तिथे कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही. उन्हाळ्यात एखाद्या प्राध्यापकांकडे छोटा प्रकल्प मिळतो का, ते विद्यापीठात आणि फर्मागुडीच्या आयआयटीत, दोन्हीकडे विचारावे. फर्मागुडी तर घरापासून जवळच आहे.

त्या प्रकल्पात एक गोष्ट नीट पारखावी : तिचे मन यंत्रापाशी रमते की संगणकापाशी? कंपने मोजायला बऱ्याचदा न्यूट्रॉन लागतात, त्यासाठी मुंबईत ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीसारख्या ठिकाणी जावे लागते, आणि यंत्रावर आपला वेळ मिळेपर्यंत थांबावे लागते. संगणकावर हजारो अणूंची हालचाल बसल्या जागी काढता येते, पण त्याला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि लिनक्स ही संगणकप्रणाली पक्की हवी. हे दुसरे आजपासूनच शिकायला घ्यावे. संशोधनात मन लागले नाही, तरी नोकरी शोधताना ते उपयोगी पडते.

वेर्ण्याच्या कंपन्यांत एम. एस्सी. नंतरही अर्ज करता येतो.