रूट कॅनलनंतर सूज आणि मुळात राहिलेला तुकडा: दावा कशावर उभा राहील?

प्रश्न : खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनल केलं, 7,500 रुपये भरले. दुसऱ्या दिवशी गाल सुजला. डॉक्टरांनी न तपासता फोनवर गोळ्या सांगितल्या. सहाव्या दिवशी तोंड उघडेना; रुग्णालयात चीर देऊन पू काढला. तिथल्या एक्स-रेत दाढेच्या मुळात फाइलचा (नलिका साफ करायच्या बारीक सुईसारख्या अवजाराचा) तुकडा दिसला, जो मला कुणी सांगितलाच नव्हता. पोलिसांत जाऊ का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, आधी तब्येत. सूज पुन्हा वाढून गळ्याकडे उतरली, गिळता येईना किंवा श्वास लागला, तर रात्र असली तरी थेट मोठं रुग्णालय गाठा. कागदपत्रं नंतर.

नुसत्या सुजेवर दावा टिकत नाही. मुळातली नलिका साफ करताना जंतू मुळाच्या टोकापलीकडे गेले, तर नीट काळजी घेऊनही गाल सुजू शकतो. वाकड्या नलिकेत फाइलही तुटते. समोरचे वकील पहिल्याच उत्तरात हे लिहितील, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबर असेल. तुमचा मुद्दा वेगळा आहे : तुकडा आत राहिल्याचं तुम्हाला सांगितलं नाही, आणि सूज वाढत असताना बोलावून तपासलं नाही. तक्रार या दोनच गोष्टींवर बांधा.

पोलिसांत जाण्याचा सल्ला मी देणार नाही. डॉक्टरांच्या निष्काळजीपणाबद्दलच्या जेकब मॅथ्यू प्रकरणात (2005) सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा आवश्यक मानला. तुमच्या प्रकरणात तो सिद्ध करणं फार अवघड आहे.

तुमची जागा जिल्हा ग्राहक आयोग. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, आणि सेवेसाठी भरलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. ती उपचाराच्या तारखेपासूनच मोजा, एक्स-रेत तुकडा दिसला त्या दिवसापासून नको.

आता पुरावा, कारण बहुतेक प्रकरणं इथेच बुडतात. दाढ पुन्हा उघडण्याआधी किंवा काढण्याआधी तारखेसह एक्स-रे काढून घ्या. तुकडा कुठल्या मुळात आहे आणि संसर्गाशी त्याचा संबंध काय, हे दुसऱ्या एंडोडॉन्टिस्टकडून (रूट कॅनलच्या तज्ज्ञाकडून) सहीशिक्क्यासह लिहून घ्या. दाढ काढावी लागली, तर ती डॉक्टरांकडून मागून घ्या आणि जपा. पहिल्या दवाखान्याकडून केसपेपर, संमतिपत्र आणि सगळे एक्स-रे लेखी मागा. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती ठेवा. रुग्णाला त्याची कागदपत्रं मिळायला हवीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने 1996 सालीच सांगितलं आहे. फोनवरच्या सल्ल्याचे मेसेज आणि कॉल-नोंदी पुसू नका, शक्यतो तोच फोन वापरत राहा.

भरपाईत रुग्णालयाचं बिल, पुढच्या उपचाराचा खर्च, बुडालेला पगार आणि मानसिक त्रास मागा. डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई हवी असेल, तर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे वेगळी तक्रार करावी लागते. तिथून पैसे मिळत नाहीत.

गोळ्यांचा कोर्स तुम्ही मध्येच सोडला होता का? सोडला असेल, तर तो का आणि कितव्या दिवशी, हे तक्रारीत स्वतःच लिहा. लेखी जबाबात तो प्रश्न येणारच आहे.