वाचकांचे प्रश्न : दार उघडलं तरी गाडीत अंधारच

प्रश्न : आमच्या जुन्या हॅचबॅकचं दार उघडलं की छतातला दिवा कधी लागतो, कधी नाही. गॅरेजमध्ये बल्ब बदलून झाला, फरक नाही. घरी मल्टिमीटर आहे. कुठून सुरुवात करू?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : दिव्याचं बटण आधी ‘ऑन’वर सरकवा. दिवा नीट लागला, तर बल्ब, फ्यूज आणि छतापर्यंतची पॉझिटिव्ह वायर शाबूत आहे. दोष दाराच्या बाजूला. मग बल्ब बदलून काय होणार? आता बटण ‘डोअर’वर ठेवा आणि एका वेळी एकच दार उघडून बघा. एकाच दाराला दिवा रुसत असेल, तर त्याच दाराचा स्विच धरा.

जुन्या गाड्यांत हा स्विच दाराच्या चौकटीत, रबरी टोपीखाली असतो. बहुतेकांना एकच वायर असते. अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट, मिळते ती स्विच बसवलेल्या स्क्रूमधून. आपल्याकडची धूळ फाटक्या रबरातून आत जाते, पावसाळ्यात स्क्रूखाली गंज धरतो आणि अर्थ तुटते. स्क्रू काढून स्विच बाहेर ओढा. वायर आधी चिकटपट्टीने बाहेर चिकटवा, नाहीतर ती खांबात घसरते आणि आतलं प्लास्टिक उघडावं लागतं. दिव्याचं बटण ‘डोअर’वर आणि बाकीची दारं बंद ठेवून ही वायर आणि बॉडीचा उघडा पत्रा यांमध्ये व्होल्टेज मोजा. बॅटरीइतकं, म्हणजे साधारण १२.५ व्होल्ट आलं, तर वायर क्षणभर पत्र्याला टेकवा. दिवा लागला की दोष स्विचचा. पत्रा आणि स्क्रू पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवा. तरी न जमल्यास नवा स्विच टाका. नव्या गाड्यांत हा स्विच दाराच्या लॉकमध्येच असतो आणि मध्ये कंट्रोल युनिट असतं. तिथे वायर टेकवून बघू नका.

‘ऑन’वरही दिवा लागत नसेल तर बल्ब काढून ओहम मोजा. १० वॅटचा थंड बल्ब दोन ओहमच्या आसपास दाखवतो. तो शॉर्ट नाही, फिलामेंट तापल्यावर हाच रोध साडेचौदाच्या घरात जातो. मीटरवर काहीच न आलं तर बल्ब उडालेला. बल्ब चांगला निघाला तर फ्यूज बघा. अनेक गाड्यांत घड्याळ आणि म्युझिक सिस्टिमची मेमरी याच फ्यूजवर असते. दोन्ही बंद पडली असतील तर शंका नको. बल्ब उपसताना स्क्रूड्रायव्हर होल्डरच्या पॉझिटिव्ह पत्तीला आणि छताच्या पत्र्याला एकदम लागला, की हाच फ्यूज जातो. म्हणून आधी फ्यूज काढून ठेवा आणि परत लावताना त्याच अँपिअरचा लावा.

प्रश्न : बल्बच्या जागी एलईडी टाकला. दार बंद केल्यावरही तो मंद पेटत राहतो.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सर्किटमधून काही मिलिअँपिअरची गळती होते. फिलामेंट तेवढ्यावर पेटत नाही, एलईडी पेटतो. त्याच्या दोन टोकांना समांतर १ किलोओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर जोडा. तरी न विझल्यास दाराचा स्विच अर्धवट चिकटतोय का बघा. आणि एलईडी मुळीच लागला नाही, तर तो उलटा करून बसवा. त्याला पोलॅरिटी असते, म्हणजे प्लस-मायनस टोकं ठरलेली असतात.

प्रश्न : स्टेशनवर गाडी लावून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. दोन दिवसांनी परतलो तर बॅटरी गार.
– एक वाचक, सात रस्ता

उत्तर : १० वॅटचा एक दिवा सुमारे ०.८ अँपिअर खेचतो. ४८ तासांत झाले ३८ अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरीच मुळी ३५ची. पहिला संशय डिकीच्या दिव्यावर, कारण झाकण लावल्यावर तो आपल्याला दिसत नाही. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून फोन आत दिव्याकडे तोंड करून ठेवा, डिकी बंद करा, मिनिटभराने उघडून चित्रीकरण बघा. झाकण टेकल्यावर काळोख झाला पाहिजे. नाही झाला, तर स्विच दाबणारा रबरी ठोकळा झिजलाय का ते आधी तपासा. तो स्वस्तात मिळतो.