खलनायिकेचा खरोखर राग येतो, तेव्हा

प्रश्न : माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. त्यांच्या आवडत्या मालिकेत कपटी जावेची भूमिका करणारी अभिनेत्री आमच्या गावात एका दुकानाच्या उद्घाटनाला आली होती, पण "त्या बयेचे तोंडही पाहायचे नाही" असे म्हणून त्या घरीच थांबल्या. त्यांना खरे-खोटे कळेनासे झाले आहे का? – एक वाचक, कराड

उत्तर : केवळ एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. ही बाई अभिनय करते आणि त्याचे तिला पैसे मिळतात, हे तुम्ही विचारलेत तर सासूबाई नीट सांगतील. परंतु एखादी गोष्ट ठाऊक असणे आणि तिच्याविषयी भावना उसळणे या मनाच्या दोन वेगळ्या हालचाली आहेत. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थिनींना एक छोटी चित्रफीत दाखवली. तिच्यात दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेली एक चौकट, एवढेच होते. काय दिसले ते लिहा, असे सांगितल्यावर पहिल्या गटातील ३४ जणींपैकी केवळ एकीने नुसत्या भौमितिक आकृत्यांच्या हालचाली म्हणून वर्णन केले. इतरांनी त्या आकृत्यांना सजीव मानले आणि मोठा त्रिकोण दांडगट वाटल्याचे अनेकींनी लिहिले. निर्जीव त्रिकोणाचा जिथे राग येतो, तिथे घरातल्यासारखी साडी नेसून रोज संध्याकाळी डोळ्यांसमोर कारस्थान रचणाऱ्या बाईचा राग न आला तरच नवल.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. माणूस वाईट वागला की आपण त्याचा स्वभाव वाईट ठरवतो आणि त्याला तसे वागायला लावणारी परिस्थिती विसरतो. या प्रवृत्तीला ली रॉस यांनी १९७७ साली मूलभूत आरोपणदोष असे नाव दिले. अभिनेत्रीच्या बाबतीत ती परिस्थिती म्हणजे दुसऱ्याने लिहिलेली संहिता, जी प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. पडद्यावर खलनायक रंगवणारे निळू फुले हे प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलात घडलेले, सामाजिक कार्यासाठी झटणारे कलावंत. तरीही खेड्यापाड्यांतील बायाबापड्या त्यांच्यावर मनापासून संतापत असत, असे सांगितले जाते. मला तो त्या प्रेक्षकांचा अडाणीपणा वाटत नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. मालिकेविषयी त्यांच्याशी बोला. मात्र ओळखीच्या माणसांची नावे, पैशांचा हिशेब किंवा नेहमीचा रस्ता यांतही गोंधळ होत असेल, तर डॉक्टरांना अवश्य दाखवा.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त जर्मनीत एकटा राहतो. रात्री जेवताना पाहत असलेली मराठी मालिका गेल्या महिन्यात संपली आणि तेव्हापासून जेवण जात नाही. याची लाज वाटते. – एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : लाज वाटण्याचे कारण नाही. पडद्यावरील व्यक्तीशी जडणाऱ्या अशा एकतर्फी जवळिकीचे वर्णन डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ सालीच केले होते. पुढे 'फ्रेंड्स' ही अमेरिकन मालिका २००४ साली संपली, तेव्हा तिच्या विद्यार्थी-प्रेक्षकांचा अभ्यास झाला. त्यांना वाईट वाटले होते, पण प्रत्यक्षातील नाते तुटल्यावर वाटते त्यापेक्षा कमी; आणि पात्राशी जवळीक जितकी दाट, एकाकीपण जितके अधिक, तितके हे दुःखही अधिक होते. तुमच्या बाबतीत मला एकाकीपणाचा भाग महत्त्वाचा वाटतो. तुमच्या ताटासमोर रोज मराठी बोलणारी माणसे असत, ती आता नाहीत. लगेच दुसरी मालिका शोधण्यापेक्षा त्याच वेळी आठवड्यातून दोनदा घरी व्हिडिओ कॉल लावून जेवा. तरीही महिनाभरात भूक आणि झोप सुधारली नाही, तर तिथल्या डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : चित्रपट पाहताना मला रडू येते, मित्र हसतात. मी दुबळा आहे का? – एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : नाही. पडद्यावरील संकटात आपल्याला काहीच करायचे नसते, धावून जायचे नसते, म्हणून एरवी रोखून धरलेले दुःख तिथे वाहू देता येते.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. एक थरारपट पाहिल्यापासून काका-काकू त्याला घाबरतात. त्याच्यात "दुसरा माणूस" जागा होईल, असे म्हणतात. – एक वाचक, नाशिक

उत्तर : हे वाचून वाईट वाटले. चित्रपटांनी दोन निराळे आजार एकत्र कालवले आहेत. एका देहात अनेक व्यक्तिमत्त्वे भासणे हा वेगळा आणि विरळा विकार आहे. स्किझोफ्रेनियात भास होतात, खोट्या समजुती घट्ट बसतात, बोलण्या-विचारांची सांगड सुटते, पण दुसरा माणूस जागा होत नाही. हा आजार असलेले बहुतेक जण कोणावरही हल्ला करत नाहीत. उलट इतरांकडून त्रास होण्याचा धोका त्यांनाच अधिक असतो. काका-काकूंच्या मनात जे चित्र बसले आहे, ते नुसत्या माहितीने पुसले जाणार नाही, कारण ते कथेतून आले आहे. म्हणून भावाची हरकत नसेल, तर त्यांच्यासोबत 'देवराई' हा २००४ सालचा मराठी चित्रपट पाहा. त्यात अतुल कुलकर्णी यांनी याच आजाराने ग्रासलेल्या तरुणाची भूमिका केली आहे आणि त्याला समजून घेणारी बहीणही त्या कथेत आहे. त्यानंतर भावाच्या पुढच्या तपासणीला, त्याच्या संमतीने, काकांना सोबत न्या आणि त्यांच्या शंका त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या.