बहिणींच्या सह्या कुठे आहेत?

प्रश्न: मी साताऱ्याजवळ माध्यमिक शिक्षक आहे, वय 51. तीन गुंठ्यांचा एनए प्लॉट 30 लाखांना ठरवला, पाच लाख विसार दिला. मूळ मालक 2012 मध्ये वारले, सातबारावर त्यांच्या दोन मुलांची नावं आहेत. दोन मुली सासरी आहेत, त्यांची हरकत नाही, असं एजंट सांगतो. पाच वर्षांत पैसे दुप्पट होतील म्हणे. मेलबर्नचा भाचा म्हणतो, रजिस्ट्री झाली की काळजी संपली. उरलेल्या रकमेसाठी 11 वर्षं भरलेली एंडोमेंट पॉलिसी मोडू की घरावर कर्ज काढू?

उत्तर: सर, पॉलिसीचं नंतर बघू. तुमच्या पत्रातला खरा धोका त्या दोन मुलींच्या वाक्यात आहे.

वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि आई हयात नसेल, तर चौघांचा वाटा सारखा, प्रत्येकी पाव. लग्न झालं म्हणून मुलीचा हक्क जात नाही. दोघे भाऊ विकू शकतात ते फक्त अर्धं. म्हणजे 30 लाख मोजून तुमच्या पदरात 15 लाखांचा हिस्सा, तोही वाटपाचा दावा लावून.

भाचा त्याच्या गावापुरतं बरोबर बोलतोय. दक्षिण ऑस्ट्रेलियात 1858 साली टॉरेन्स पद्धत आली आणि मग तो देशभराचा रिवाज झाला. तिथे नोंदवहीत नाव चढलं की मालकीची हमी सरकारची. प्रामाणिक खरेदीदाराची जमीन सहसा जात नाही, ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मिळते. आपला 1908 चा नोंदणी कायदा मालकी नोंदवत नाही, दस्त नोंदवतो. विकणाऱ्याची मालकी खरी की खोटी हे ठरवणं दुय्यम निबंधकाचं, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याचं, काम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये तमिळनाडूतला एक नियम रद्द करताना पुन्हा सांगितलं. सातबारा आणि फेरफार हे महसुलाचे कागद. त्यावर नाव नाही म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही.

प्रामाणिक खरेदीदाराला आपल्याकडे संरक्षण नाहीच असं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 41 आहे. पण त्याच्या अटी कडक आहेत. खऱ्या हक्कदारांच्या उघड किंवा गर्भित संमतीने विकणारा मालक म्हणून वावरत असला पाहिजे, तुम्ही त्याच्या अधिकाराची वाजवी चौकशी केलेली असली पाहिजे आणि व्यवहार सद्भावनेने झालेला असला पाहिजे. सर, मुली आहेत हे तुम्हीच मला लिहून कळवलंय! उद्या कोर्टात ‘मला माहीत नव्हतं’ कसं म्हणणार? आणि एजंटचा शब्द ही चौकशी होत नाही. त्याचं कमिशन तुमच्या सहीवर अवलंबून आहे.

‘बारा वर्षं उलटली, आता दावा मुदतीबाहेर’ असंही तो सांगेल. ऐकू नका. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा कायद्याने सगळ्यांच्या वतीने धरला जातो. दुसऱ्याचा हक्क उघडपणे नाकारल्याचं सिद्ध झाल्याशिवाय ती बारा वर्षं मोजायला सुरुवातच होत नाही.

तेव्हा स्वतःचा वकील गाठा, एजंटने सुचवलेला नको. मालकीचा 30 वर्षांचा शोध अहवाल घ्या, जुने फेरफार काढा, स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या. खर्च काही हजारांत भागेल. दोघी बहिणी खरेदीखतात ‘लिहून देणार’ म्हणून हव्यात, दुय्यम निबंधकासमोर हजर हव्यात आणि त्यांच्या वाट्याचे पैसे थेट त्यांच्या खात्यात जायला हवेत. तोंडी हक्कसोडीला काडीची किंमत नाही. नोटरी केलेल्या कागदावरही विसंबू नका, हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं.

आता दुप्पट. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे दरसाल जवळपास 15 टक्के. मुद्रांक आणि नोंदणीचे सुमारे दोन लाख धरून तुमचे 32 लाख अडकणार. दावा लागला तर ना गिऱ्हाईक मिळेल, ना बँक कर्ज देईल, आणि तुमची निवृत्ती सात वर्षांवर आली आहे. विसार वजा जाता उरलेले 27 लाख घरावर काढलेत तर साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता 44 हजारांच्या घरात. एका रुपयाचं उत्पन्न न देणाऱ्या प्लॉटसाठी राहतं घर गहाण टाकू नका.

पॉलिसी वाईटच आहे. पाच-साडेपाच टक्के परताव्याची वस्तू निवृत्तीची सोय म्हणून तुमच्या गळ्यात मारली. तिचं सरेंडर मूल्य (आज मोडली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अपचा आकडा (हप्ते थांबवून तशीच ठेवली तर मुदतीअंती मिळणारी रक्कम) कंपनीकडून लेखी मागवा, ते मला पाठवा. पण या प्लॉटसाठी ती आज मोडू नका. बहिणी सही करायला तयार नसतील तर विसाराचे पाच लाख वकिलाच्या नोटिशीने परत मागा, आणि तोवर एक रुपयाही पुढे देऊ नका.