रुग्णवाहिकेवरच्या एएलएस आणि बीएलएस या अक्षरांचा अर्थ काय?

एएलएस म्हणजे ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट आणि बीएलएस म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट. नागपुरात मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या आवारात १०८ च्या गाड्यांवर तुम्ही वाचलीत ती हीच अक्षरं. बीएलएसमध्ये ऑक्सिजन, घशातला स्राव ओढून काढणारं सक्शन, स्ट्रेचर, प्रथमोपचाराचं सामान. एएलएसमध्ये याशिवाय व्हेंटिलेटर, हृदयाचा आलेख सतत दाखवणारा मॉनिटर आणि शॉक देणारं डिफिब्रिलेटर. ही विभागणी हृदयविकाराच्या उपचारांतून आली. १९६० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत मांडली, तो ‘बेसिक’चा पाया. १९६६ मध्ये बेलफास्टला डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी डिफिब्रिलेटरच गाडीत चढवला. ‘ॲडव्हान्स्ड’ची सुरुवात साधारण तिथून धरतात. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्यांपैकी २३३ एएलएस होत्या, बाकी ७०४ बीएलएस. म्हणून दारात बहुतेकदा बीएलएसच येते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रुग्णवाहिकांसाठीच्या देशाच्या एआयएस-१२५ या मानकात बीएलएसला टाइप सी आणि एएलएसला टाइप डी म्हणतात.

एक मात्र ध्यानात ठेवा: खासगी गाडीवर ‘कार्डिॲक’ किंवा एएलएस रंगवलेलं असलं म्हणजे आत सगळं चालू स्थितीत आहेच असं नव्हे. पेशंट चढवण्याआधी व्हेंटिलेटर चालू आहे का आणि सोबत तो हाताळणारा माणूस आहे का, दोन्ही विचारून घ्या. १०८ ला फोन करताना मात्र अक्षरं सांगत बसू नका. पेशंटचा श्वास चालू आहे का, तो शुद्धीवर आहे का, आणि पत्ता सांगा.